उभ्याला जागा द्या!

दिवाळीच्या अंकात सिमेंटच्या रस्त्याविषयी लिहायचे म्हणजे फराळाच्या ताटात करंजीशेजारी कारल्याची फोड वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, हा अंक विकत घ्यायला तुम्ही घराबाहेर पडलात तेव्हा गाडी कुठे उभी केलीत, ते जरा आठवून पाहा. मागे बसलेल्या चिरंजिवांना 'तू इथेच थांब, मी आलोच' असे बजावून ती दुकानासमोर आडवी सोडलीत, आणि पाठीमागच्या ट्रॅक्टरवाल्याचा भोंगा ऐकत सुट्टे पैसेही न मोजता परत फिरलात, असेच ना? मग विषय तुमचाच आहे. कारले असले तरी तुमच्याच परसातले आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे घर आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की हा साहेब कोणता, तो कंत्राटदार कोणाच्या नात्यातला, अशी शोधाशोध सुरू होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. शिवाय वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही ठिकाणच्या वाचकांना 'हे आमच्याच गावाबद्दल लिहिले आहे' असे म्हणण्याची मोकळीक राहते. मला खात्री आहे की ते तसेच म्हणतील.

आमच्या गावाचा मुख्य रस्ता पूर्वी डांबरी होता, म्हणजे उन्हाळ्यात डांबरी आणि पावसाळ्यात तळ्यांचा. तो सिमेंटचा झाला. मधोमध दुभाजक आला, त्यात शोभेची झाडे लागली, वर दुहेरी दिव्यांचे खांब उभे राहिले. दोन्ही अंगांना झाकलेली नाली आणि नालीवर लाल-पिवळे गट्टू बसवून केलेला पदपथ. नारळ फुटला, फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. धूळ गेली, चिखल गेला, दमेकऱ्यांना बरे वाटले. रस्ता नको होता असे म्हणणारा एकही माणूस गावात नाही, आणि मी तर नाहीच नाही. तेव्हा मला विकासाचा शत्रू ठरवण्याचे श्रम कोणी घेऊ नयेत.

रस्ता खुला झाल्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. बियाण्याच्या दुकानासमोर खेड्यावरून आलेले एक वयस्क शेतकरी मोटारसायकल हाताने धरून उभे होते. मागून ऑटो, त्यामागे काळीपिवळी, तिच्यामागे एस.टी. सगळे भोंगे एकदम वाजत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "रस्ता तं गुळगुळीत झाला जी, पन माणसानं उभं कुठी राहाव?"

या प्रश्नाचे उत्तर कोट्यवधी रुपयांच्या त्या कामाच्या एकाही नकाशात नव्हते. कारण हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडलाच नव्हता.

तो का पडत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. रस्त्यावरच्या रहदारीचे माप घेण्याची एक रीत आहे. मोटारगाडीला एक धरायचे आणि बाकी सगळी वाहने त्या मापात बसवायची. दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, ट्रक म्हणजे तीन मोटारी, असा हिशेब. ग्रामीण रस्त्यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसने १९९० साली जो तक्ता दिला, त्यात हातगाडीला तीन आणि बैलगाडीला आठ मोटारींइतके वजन आहे. एक बैलगाडी आठ मोटारींची वाट अडवते, असा त्याचा अर्थ. बैलांचा एवढा सन्मान पोळ्याखेरीज दुसरीकडे कुठे झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण त्याच तक्त्यात पायी चालणाऱ्या माणसाचा आकडा शोधायला जाल तर तो सापडणार नाही. तो वाहन नाही, म्हणून तो मापात नाही. आणि उभे असलेले वाहन? तेही नाही. ठरलेल्या जागेवरून तासाभरात किती वाहने पुढे गेली, एवढेच मोजणारा टिपून घेतो. जे थांबले, ज्याने पोते उतरवले, ज्याने म्हातारीला दवाखान्याच्या पायरीशी सोडले, ज्याने तासभर झाडाखाली गाडी लावून बाजार केला, ते त्याच्या कागदावर उमटतच नाही.

महामार्गावर हे चालेल. तिथे रस्त्याचे काम एकच, नेऊन पोहोचवणे. पण आमच्या गावातल्या रस्त्याचे निम्मे काम थांबवण्याचे आहे. माणसे तिथून जात नाहीत, तिथे येतात. भोवतालच्या पन्नास खेड्यांचा माणूस आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे येऊन उभा राहतो, म्हणून तर ते तालुक्याचे गाव! शेलूबाजाराने तर बाजार आपल्या नावातच घेतला आहे. अशा गावातल्या रस्त्यावरून 'उभे राहणे' काढून टाकणे म्हणजे चुलीतून विस्तव काढून टाकून राख सारवून ठेवण्यासारखे आहे. चूल स्वच्छ दिसेल, यात शंका नाही.

आमच्या जुन्या लोकांना हे चांगले कळत होते. कारंजा गावाला चार वेशी आहेत, दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. वेशीचे नाव बाहेर जाणाऱ्या वाटेवरून ठेवले आहे, पण वेशीचे काम आत येणाऱ्यासाठी होते. तिथे गाडीवान कासरा आखडत असे. वेशीबाहेरची चाल वेगळी आणि वेशीच्या आतली वेगळी, हे बैलांनाही समजत असे. आणि बाजाराच्या गावी गाड्या सोडायला गाडीतळ असे, तिथे झाड असे, पाणी असे, बैलांपुढे वैरण टाकून माणूस पायी बाजारात जाई. गाडीतळाच्या त्या जागेवर आज कुठे व्यापारी संकुल उभे आहे, कुठे कार्यालय आहे, तर कुठे पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचे फलक आहेत. गाड्या वाढल्या आणि गाडीतळ नाहीसे झाले, एवढ्या एका वाक्यात आमच्या गावांच्या रहदारीचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास लिहून होतो.

ओरड फार झाली तेव्हा गावात एक सभा भरली. सभा काम पूर्ण झाल्यावर भरली, हे लक्षात घ्या. आमच्याकडे लग्न लागल्यावर मुलीला विचारण्याची पद्धत आता उरली नाही, पण रस्त्याच्या बाबतीत ती कायम आहे. सभेत एका साहेबांनी फार मोठ्या समजूतदारपणाचा आव आणून विचारले, "तुम्हाला पार्किंग पाहिजे की सुरक्षितता पाहिजे? रस्त्याची रुंदी मी वाढवून देऊ शकत नाही." लगेच अर्धी सभा 'पार्किंग' म्हणून ओरडली आणि अर्धी 'सुरक्षितता' म्हणून. एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला शाळेतल्या मुलांचे पालक. दोघे एकमेकांवर तुटून पडले आणि साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. सभा संपली.

हा प्रश्नच खोटा आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि ते मी हिशेबाने दाखवतो.

आमचा रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत पंधरा मीटर आहे. दोन वाहने समोरासमोरून सुखाने जाण्यासाठी सात मीटर लागतात. उरले आठ. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे पदपथ काढा, उरले चार. एका बाजूला गाड्या उभ्या करण्याचा अडीच मीटरचा पट्टा आखा, तरी दीड मीटर उरतो. त्यात दर दहा-पंधरा पावलांवर एक कडुनिंब लावा आणि दोन झाडांच्या मध्ये भाजीची, फुलांची हातगाडी उभी राहू द्या. सगळे बसले! आता प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. दुभाजकाने एक मीटर घेतला. त्याच्या दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मीटरचे पट्टे, म्हणजे झाले बारा. उरलेले तीन मीटर दोन पदपथांत वाटून दीड-दीड मीटर आले. त्या दीड मीटरात विजेचा खांब, रोहित्र, जाहिरातीची कमान आणि नालीचे उघडे झाकण. पायी चालणाऱ्यासाठी निदान १.८ मीटरची मोकळी वाट असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसचेच मार्गदर्शन आहे. आमच्या पदपथावर १.८ मीटर राहोच, छत्री उघडून चालता येत नाही.

मग माणसे कुठे चालतात? साडेपाच मीटरच्या पट्ट्यात. गाड्या कुठे उभ्या राहतात? त्याच पट्ट्यात. आणि जायचे वाहन कुठून जाते? तेही तिथूनच. म्हणजे पार्किंगही गेले आणि सुरक्षितताही गेली. साहेबांनी दोन्हींतून एक निवडायला सांगितले होते. मिळाले एकही नाही.

दुभाजकाविषयी चार शब्द जास्त लिहावेच लागतील, कारण तो आमच्या सर्व गावांचा नवा कुलदैवत झाला आहे. दुभाजक असला म्हणजे रस्ता 'मोठा' झाला, अशी समजूत आहे. तो वेगाने जाणाऱ्या रस्त्यावर समोरासमोरची टक्कर वाचवतो, हे खरे. पण बाजाराच्या रस्त्यावर तो काय करतो? समोरून येणाऱ्याचे भय नाहीसे करून चालवणाऱ्याला निर्धास्त करतो, आणि ज्याला पलीकडच्या दुकानात जायचे आहे त्याला पुढच्या चौकापर्यंत वळसा घालायला सांगतो. तो वळसा कोणी घालत नाही. मोटारसायकल उलट्या दिशेने, कडेकडेने, 'इथल्या इथे तर जायचे आहे' असे म्हणत येते. पायी माणूस मात्र लहानपणापासून उजवीकडे पाहून पाऊल टाकायला शिकलेला असतो.

माझ्या शेजारच्या काकू सत्तरीच्या आहेत. पलीकडे मारुतीचे देऊळ आहे. चाळीस वर्षे शनिवारी त्या तेल घेऊन एकट्या जात होत्या. दुभाजक झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच, उजवीकडे नीट पाहून त्यांनी पाऊल खाली टाकले आणि डावीकडून आलेल्या मोटारसायकलने त्यांना पाडले. खुब्याचे हाड मोडले. मुलगा वाईट नव्हता, थांबला, त्यानेच ऑटो बोलावला. काकू आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. देवळात जायचे तर नातवाने गाडीवर बसवून न्यावे लागते आणि नातवाला गाडी कुठे उभी करावी हा प्रश्न पडतो. कोणी मेले नाही, म्हणून कोणत्याही खात्याच्या मृत्यूंच्या आकड्यात ही गोष्ट येणार नाही. पण एका बाईचा चाळीस वर्षांचा एकटीने रस्ता ओलांडण्याचा अधिकार त्या दिवशी संपला.

आकड्यांत जे येते तेही थोडे नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती, आणि दर पाचांमागे जवळजवळ एक पायी चालणारा होता. ज्याला रहदारीच्या तक्त्यात शून्य किंमत, त्याची मरणाच्या तक्त्यात एवढी मोठी गणती!

वेगाचे गणितही शाळेतलेच आहे. वेग तीसवरून पन्नासवर गेला तर धडकेचा जोर दीडपट नव्हे, पावणेतीनपट होतो. २०२० साली स्टॉकहोमला जगातल्या देशांनी मिळून जो जाहीरनामा केला, त्यात माणसे आणि वाहने जिथे मिसळतात तिथे ताशी तीस किलोमीटरची मर्यादा असावी असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या रस्त्यावर तीसची पाटी लावली म्हणून कोणी तीसने जाणार नाही, हे मीही जाणतो. गुळगुळीत आणि सरळ रस्ता स्वतःच 'पळ' म्हणून सांगत असतो. त्यापुढे पाटीचे कोण ऐकणार? वेग रस्त्याच्या आखणीतच बांधावा लागतो. पट्टा थोडा अरुंद करावा लागतो, ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीला उचलावी लागते, चौकाचे कोपरे आवळावे लागतात. आमच्याकडे यातले काही होत नाही आणि मग काकूंसारखा अपघात झाला की चार उत्साही तरुण रात्रीतून सिमेंटचा एक उंचवटा ओतून ठेवतात. गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा पसरट असावा, असा नियम आहे. या तरुणांचा गतिरोधक वीतभर रुंद आणि तितकाच उंच असतो. मोटारसायकलवर मागे बसलेल्या गरोदर बाईला तो काय करतो, ते गावातल्या डॉक्टरांना विचारावे.

कोणी म्हणेल, हे सगळे शहाणपण आपल्या इंजिनिअरांना नसते काय? असते, चांगले असते! पुरावा आमच्याच जिल्ह्यात आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ ला. त्यावर दुचाकी आणि तीनचाकी यांना मज्जाव आहे, वाटेत वाटेल तिथे थांबण्याला मनाई आहे. तो धावणाऱ्यांचाच रस्ता आहे आणि तसाच तो असावा. पण वाटेत कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य येते, आणि रानातल्या जनावरांना हा महामार्ग ओलांडता यावा म्हणून त्यावर जागोजागी खास पूल आणि भुयारी वाटा बांधल्या आहेत. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेचा सल्ला त्यासाठी घेतला गेला. मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे. काळवीट हा आमच्या जिल्ह्याचा अलंकार आहे. पण जनावर कुठून ओलांडते, कोणत्या वेळी पाण्यावर जाते याचा अभ्यास करून रस्ता आखणाऱ्या याच राज्यात, सत्तर वर्षांची बाई मारुतीला कुठून जाते हे कोणी विचारू नये? काकूंचा कळप नाही, एवढाच त्यांचा दोष दिसतो.

हे ज्ञान महामार्गाला लागते आणि गल्लीला लागत नाही, याचे एक कारण असे की गल्लीला कोणी रस्ता समजतच नाही. ती 'निधी'ची जागा असते. या देशातल्या रस्ताशास्त्राच्या उगमाशी एक मराठी नाव आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून पुढे १९३४ ची भारतीय रस्ते काँग्रेस निघाली. तिने गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी एक फार शहाणा नियम घालून दिला आहे. वाहनांची मोजदाद वर्षातून दोनदा, सात-सात दिवस करावी, त्यांतली एक सुगीच्या आणि बाजाराच्या हंगामात. केवढी समज आहे यात! आमच्याकडे सोयाबीन दसरा-दिवाळीला बाजार समितीत येते. त्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला रात्र-रात्र रांगेत उभ्या असतात, आणि त्याच दिवसांत कापडदुकानासमोर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या रस्त्याची मोजदाद कोणत्या महिन्यात झाली, असे मी एका कार्यालयात जाऊन विचारले. तेथल्या बाबूंनी मोठ्या कुतूहलाने मलाच विचारले, "मोजदाद? कशाची?"

रस्त्याच्या उंचीचा प्रकार तर निराळाच आहे. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच सिमेंट ओतले की रस्ता वर जातो आणि घरे खाली राहतात. नागपुरात हेच झाले आणि तेथल्या नागरिकांना हे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. आमच्याकडे न्यायालय लांब आणि वकील महाग. पूर्वी ओट्याच्या दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर जायचे, आता एक पायरी चढून जायचे. पाऊस उंबरठ्यात येतो. ओट्यापुढे सडा घालून रांगोळी काढायला जी हातभर जमीन होती तिच्यावर गाडी चढवण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार आहे. यंदा सुनेने त्या उतारावरच ठिपके मांडले, तेवढे रंग सकाळच्या पहिल्या स्कूटरबरोबर गेले.

आता थोडे आपल्याविषयी बोलू या. सगळा दोष खात्यांवर टाकून मोकळे होणे सोपे असते आणि सभेत टाळ्याही त्यालाच पडतात. पण पार्किंगसाठी सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या दुकानदार बंधूंना मी एक विचारतो. सकाळी शटर वर जाते त्याच वेळी दुकानासमोर स्टँडवर चढलेली आणि रात्री शटर खाली येते तेव्हाच हलणारी ती मोटारसायकल कोणाची? गिऱ्हाइकाची? गिऱ्हाईक दहा मिनिटांत जाते. ती मालकाची असते, तिच्या शेजारची नोकराची आणि पलीकडची मालकाच्या भावाची. म्हणजे गिऱ्हाइकाची जागा आपणच अडवायची आणि गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून साहेबांकडे तक्रार करायची! पदपथावर माल मांडणारेही तेच, आणि 'पदपथ काढून पार्किंग करा' असा अर्ज देणारेही तेच. पायी येणारा माणूसच तुमच्या पायरीवर चढतो, बंधूंनो. मोटारीत बसून कोणी बांगड्या भरत नाही.

आणि आम्ही राहणारे? एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा लागते. एवढ्या जागेत एक गरीब कुटुंब राहते. नवे घर बांधताना नकाशात खाली 'वाहनतळ' लिहायचे, परवानगी मिळाली की तिथे भाडेकरू ठेवायचा किंवा किराणा दुकान काढायचे, आणि मोटार सरकारी रस्त्यावर प्लास्टिकच्या आच्छादनाखाली झोपवायची, हा प्रकार कोणत्या गल्लीत नाही? जपानने १९६२ साली कायदा करून मोटार घेणाऱ्याला आधी ती ठेवायच्या जागेचा दाखला आणायला लावले. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१८ साली रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घेण्याचे धोरण ठरवले, तर असा गदारोळ झाला की ते पाच रस्त्यांपुरते आखडावे लागले. पुण्याची ही गत, तर आमच्या तालुक्याच्या गावी मोटारीला भाडे मागणाऱ्याची काय होईल! भाजीवालीकडून मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी जागेची पावती फाडून घेतली जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. चार बाय चार फुटांत बसून पोट भरणारी बाई पैसे देते आणि साडेबारा चौरस मीटर अडवणारी मोटार फुकट.

कायदा नाही असे मात्र नाही. वाहने कुठे उभी राहतील त्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात १९८८ पासून आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर रस्ता ठरलेल्या प्रमाणांप्रमाणे न बांधल्यामुळे कोणी मेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदाराला आणि यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांसाठी नगर पथविक्रेता समिती सांगितली. १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविका येते असे म्हटले. १४ मे २०२५ ला त्याच न्यायालयाने त्याच एकविसाव्या कलमाखाली पायी चालणाऱ्याला अडथळ्याविना पदपथाचा हक्क आहे असे सांगितले. भाजीवाली आणि काकू दोघी एकाच कलमाच्या लेकी आहेत. त्यांना एकमेकींविरुद्ध उभे करणारा नकाशा चुकीचा आहे, कलम नव्हे.

हा नकाशा तपासायला गावाचे प्रतिनिधी कुठे होते, असे विचाराल तर तेही सांगतो. २०२२ च्या सुमारापासून २०२५ च्या डिसेंबरातल्या निवडणुकांपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत लोकांनी निवडून दिलेले कोणी नव्हतेच. प्रशासक होते. अनेक गावांचे रस्ते याच वर्षांत सिमेंटचे झाले. आमच्या रस्त्याचा नकाशाही त्याच काळातला. प्रशासक बदलून जातात. दुभाजक मात्र बदलून जात नाही.

तरीही झालेल्या रस्त्यातसुद्धा पुष्कळ काही करता येईल. देवळासमोर आणि शाळेसमोर दुभाजक सात-आठ हात तोडून ओलांडण्याची उंच वाट बांधता येईल. शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासात ऑटो कुठे थांबतील ते ठरवता येईल. एका बाजूचा दुचाकींचा पट्टा रंगाने आखता येईल, आणि सुगीच्या दोन महिन्यांत ट्रॉल्यांना बाजार समितीच्या आवारातच रात्र काढू देता येईल. यातले काहीही कोट्यवधींचे नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

आमच्या गावातला दुसरा रस्ता, बसस्थानकापासून जुन्या वेशीकडे जाणारा, आता सिमेंटचा व्हायचा आहे. कडेच्या घरांवर लाल रंगाच्या खुणा उमटल्या आहेत आणि दिवाळी झाली की खोदकाम सुरू होईल, असे ऐकतो. यावेळी आम्ही सभेची वाट पाहणार नाही. भाऊबीज आटोपल्यावर येणाऱ्या पहिल्या आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत, आम्ही सात-आठ जण त्या रस्त्यावर वह्या घेऊन बसणार आहोत. शाळेचे निवृत्त गुरुजी आहेत, बियाण्याच्या दुकानातला मुलगा आहे, एक ऑटोवाला भाऊ आहे, आणि काकूंनी वॉकरसह आपल्या ओट्याऐवजी तिथल्या बहिणीच्या ओट्यावर बसायचे कबूल केले आहे. वहीत पाच रकाने आखले आहेत: वेळ, वाहन, पायी, कुठून ओलांडले, आणि शेवटचा, सर्वांत रुंद, 'उभे'. वही भरली की तिच्या तीन प्रती काढून तीन कार्यालयांत पोच घेऊन द्यायच्या आहेत. बाजाराला येणार असाल तर गाडी जरा लांब लावा आणि आमच्याजवळ येऊन तिची नोंद करून जा.